कोवळेपणाची मुदत : प्रस्तावना

खान्देशात वसंत जमिनीवर दिसत नाही. फाल्गुन सरता सरता तापीकाठची काळी माती भेगाळते, बांधावरचे गवत पिवळे पडून आडवे होते आणि चैत्रात जळगाव-भुसावळचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत खाली वाकून कोवळे काही शोधणाऱ्याच्या हाती धूळ लागेल. मान वर केली तर मात्र वेगळेच चित्र दिसते. पिंपळाला तांबूस पालवी असते, कांचनाची नवी पाने लवलवत असतात, चिंचेला चिगूर फुटलेला असतो, शेवगा फुलांनी भरलेला असतो आणि मोहाच्या शेंड्यांना कळ्यांचे घोस लटकत असतात. पानझडी जंगलातली बरीच झाडे पालवण्यासाठी पावसाची वाट पाहत नाहीत. खोल मुळांनी धरून ठेवलेल्या ओलीवर ती ऐन उन्हात नवी पाने काढतात. पायाखालची पालेभाजी मृगाचा पाऊस झाल्यावरच उगवते. म्हणून या मुलखात रानातले कोवळे खाण्याचे मुख्य हंगाम दोन: चैत्र-वैशाखातला झाडावरचा आणि आषाढ-श्रावणातला जमिनीवरचा. प्रस्तुत पुस्तक जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या या दोन्ही हंगामांविषयी आहे.

जगाच्या बऱ्याच भागांत वसंतातला कोवळा कोंब म्हटला की पहिल्यांदा नेचा आठवतो. हिमाचलात त्याला लिंगड म्हणतात, कुमाऊँत लिंगुडा, सिक्कीम-दार्जिलिंगकडे निंगरो आणि आसामात ढेकिया. जपानमध्ये वाराबी नावाचा नेचा वसंताची खूण म्हणून खाल्ला जातो. कॅनडाच्या पूर्व भागात नदीकाठचे नेचे गोळा करायला लोक दरवर्षी घराबाहेर पडतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. नेच्याचे पान गुंडाळी करून जमिनीबाहेर येते आणि ती गुंडाळी उलगडण्याआधीच ते खुडावे लागते. ही मुदत थोड्या दिवसांची असते. पान एकदा पसरले की ते राठ होते आणि खाण्याच्या कामाचे उरत नाही.

खान्देशात नेच्याची भाजी का नाही, याचे उत्तर नेच्याच्या जीवनक्रमातच आहे. नेच्याला फूल नाही, बी नाही. त्याची नर जननपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादी जननपेशीपर्यंत पोचते, तेव्हाच नवे रोप तयार होते. वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस आणि आठ महिने कोरडे हवामान असलेल्या प्रदेशात असा ओलावा फार थोड्या जागी टिकतो. जुन्या विहिरींच्या दगडी बांधकामात हंसराज उगवतो. खडकांच्या फटीत मोरशिखा असते. ती उन्हाळ्यात वाळून मुडपते आणि पाऊस पडताच पुन्हा हिरवी होते. या दोन्हींची वाट औषधाकडे जाते, स्वयंपाकघराकडे जात नाही.

तरीही मी नेच्यापासून सुरुवात केली, त्याला कारण आहे. वाराबीत टॅक्विलोसाइड नावाचे द्रव्य असते आणि ते कर्करोगकारक मानले जाते. जपानी घरांत हे कोंब लाकडाच्या राखेच्या गरम पाण्यात भिजवून, पाणी बदलून मगच शिजवले जातात; त्यामुळे कडवटपणा जातो आणि ते द्रव्यही बरेच कमी होते. सातपुड्यात कडूकंदाचे काय करतात ते पाहा. कंदाच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या, वाहत्या पाण्यात ठेवून पुन्हा धुवायच्या आणि कडूपणा गेला की नाही हे चाखून ठरवायचे. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन समाजांनी विष उतरवायला एकच साधन शोधले, चुलीतली राख. कोणती वनस्पती खाता येते हे ती वनस्पती एकटी ठरवत नाही. ती कधी खुडली आणि खुडल्यावर तिचे काय केले, यावर ते ठरते. या क्षेत्रातले खरे ज्ञान वेळेचे आणि कृतीचे आहे. आजवरच्या लिखाणात नेमके तेच सर्वांत कमी नोंदले गेले, अशी माझी खात्री झाली आहे.

या लिखाणाची पहिली परंपरा सुरू झाली ती दुष्काळाच्या सावलीत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खान्देशावरचा बारावा खंड 1880 मध्ये निघाला. त्याच मालिकेतल्या 1886 च्या वनस्पतिशास्त्राच्या खंडात डॉ. लिस्बोआ यांनी इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पतींचे वर्णन केले आणि टंचाईत लोक खातात त्या रानवनस्पतींनाही जागा दिली. त्यानंतर 1899-1900 चा भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवत 1956 वरून तो छप्पनचा दुष्काळ म्हणून लोकांच्या आठवणीत राहिला. त्या अनुभवानंतर 1902 मध्ये जी. ए. गॅमी यांनी मुंबई इलाख्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवर टिपण प्रसिद्ध केले. माणसे उपाशी मरत असताना ती कशावर तगली हे कोणीतरी लिहून ठेवले, हे मोठेच काम होते. मात्र या नोंदींमुळे एक शिक्का बसला तो आजही पुसलेला नाही. पिकले नाही म्हणून खाल्लेले, नाइलाजाचे अन्न अशी रानभाजीची ओळख कागदावर रुजली. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची, तडवी या समाजांच्या घरांत ती चांगल्या वर्षातही आवडीने, हंगाम धरून खाल्ली जात होती. ती बाब यादीच्या बाहेर राहिली.

दुसरी परंपरा वनस्पतिशास्त्राची. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासक त्याच्याकडे वळतात. स्वातंत्र्यानंतर एस. के. जैन यांनी देशात लोकवनस्पतिशास्त्राचा पाया घातला आणि महाविद्यालयांतले प्राध्यापक आपापल्या जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर जाऊ लागले. खान्देश या बाबतीत भाग्यवान ठरला. डॉ. डी. ए. पाटील यांचा धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 2003 मध्ये आला, तर क्षीरसागर आणि पाटील यांचा जळगाव जिल्ह्यावरचा 2008 मध्ये. या ग्रंथांमुळे कोणते झुडूप कोणत्या कुळातले, ते कोणत्या डोंगरात सापडते, याबद्दलचा गोंधळ मिटला. त्यांच्याशिवाय प्रस्तुत पुस्तक उभे राहिले नसते. पण शास्त्रीय नोंदीची पद्धतच अशी आहे की खाद्योपयोगाच्या रकान्यात बहुधा एवढेच येते: कोवळी पाने भाजी म्हणून खातात. किती कोवळी? कोणत्या नक्षत्रापर्यंत? उकळलेले पाणी फेकायचे की भाजीतच आटवायचे? हे सांगणारी बाई त्या वाक्यात कुठेच नसते.

तिसरी परंपरा आहारशास्त्राची. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक 1937 पासून निघत आले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये त्याची नवी, विस्तृत आवृत्ती काढली. रानातल्या हिरव्या पाल्यात लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे भरपूर असतात, हे या अभ्यासातून ठामपणे पुढे आले. घोळीसारख्या पायदळी जाणाऱ्या भाजीत ओमेगा-3 गटातले स्निग्धाम्लही असते. त्याच घोळीत ऑक्झॅलेटही पुष्कळ असते आणि ज्याला मूतखड्याचा त्रास आहे त्याने ती जपूनच खावी. कोष्टकातला आकडा बहुतेक वेळा कच्च्या पानाचा असतो. उकळून पाणी टाकले की ऑक्झॅलेट कमी होते आणि त्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात. तेव्हा आकड्याचा अर्थ लावायलाही कृतीच माहीत असावी लागते. अलीकडे प्रत्येक रानभाजीला सर्वरोगहारी ठरवण्याची जी चढाओढ लागली आहे, ती दुष्काळी शिक्क्याइतकीच चुकीची आहे असे मला वाटते. दोन्ही टोकांना भाजी ही भाजी म्हणून दिसत नाही.

चौथी वाट लोकांनी स्वतः काढली. ती धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, गुजरातच्या सीमेलगतच्या बारीपाड्यात आहे. कोकणी आदिवासींचे हे छोटे गाव. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात गावाभोवतीचे जंगल उजाड झाले होते आणि विहिरी आटत होत्या. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने नियम केले. जंगलात कुऱ्हाड चालणार नाही, मोकाट चराई होणार नाही, मोडेल त्याला दंड. वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली. आज चारशे हेक्टरांहून अधिक जंगल या गावाच्या राखणीत आहे. चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती या कामासाठी.

जंगल परत आले त्यासोबत भाज्याही परतल्या. आणि 2004 पासून बारीपाड्यात वनभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरू लागली. बायका रानातून आणलेल्या भाज्या घरी शिजवून आणतात, त्या वनस्पती सोबत मांडतात आणि विचारणाऱ्याला त्यांच्याबद्दल सांगतात. या स्पर्धेला मी फार महत्त्व देतो. वनस्पतिशास्त्रज्ञाने पान दाबून वहीत लावले तर नाव टिकते. बारीपाड्यात ते पान चुलीवर चढते, म्हणून कृती टिकते. सासूने केलेली भाजी सून शिकते, शेजारच्या पाड्यावरची बाई ती चाखून जाते, आणि आपल्या घरातली जी गोष्ट बाहेर सांगायला आजवर संकोच वाटत होता तिला पाहुणे दाद देतात. शिवाय जंगल राखण्याचा फायदा ताटात दिसतो. राखणीचा नियम कागदावर कितीही चांगला असला तरी घरातल्या बाईला त्यातून काही मिळत नसेल तर तो टिकत नाही. बारीपाड्यात तो तीस वर्षांहून अधिक काळ टिकला आहे.

राज्याच्या कृषी विभागाने 2020 पासून ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव सुरू केले. शहरातल्या लोकांनी तरोटा आणि करटुले प्रथम तिथे पाहिले असेल तर तेही चांगलेच. मात्र एका दिवसाच्या मांडवातून भाजी विकत नेता येते, तिची वेळ आणि जागा नेता येत नाही.

खान्देशातल्या रानभाजीची दोन घरे आहेत, हे नवख्या वाचकाने आधीच ध्यानात घ्यावे. एक घर डोंगरातले: रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांची सातपुड्याकडची बाजू आणि साक्रीचा पश्चिम भाग. तिथे मोहफुले, कुड्याची फुले, वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, कंद, कांचनाची पाने आहेत. भाजी बहुधा कमी तेलात, कधी तेलाशिवायच, मिरची-मीठ लावून होते आणि सोबत ज्वारी-मक्याची भाकर असते, साक्रीकडे नागलीची. दुसरे घर मैदानातले, तापी, गिरणा आणि पांझरेच्या खोऱ्यातल्या शेतीचे. तिथली रानभाजी जंगलातून येत नाही, शेतातून येते. तांदुळजा, कुंजर, केना, घोळ, चिवळ, पाथरी, चिल, बांधावरच्या कुंपणाला चढलेला फांद. शेतकऱ्याच्या लेखी हे तण. निंदणीला गेलेल्या बाईच्या लेखी ती संध्याकाळची भाजी. खुरप्याने काढलेल्या ढिगातून खाण्याजोगे वेगळे करायचे, ओच्यात बांधायचे, घरी येऊन लसूण-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वर शेंगदाण्याचे कूट पेरायचे आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायचे. उरलेली भाजी बाजाराच्या दिवशी वाटे लावून विकायची. आदिवासींच्या रानभाज्यांवर थोडेफार लिहिले गेले. निंदणीच्या या भाज्यांवर जवळजवळ काहीच नाही. बहिणाबाई चौधरींच्या असोद्याच्या आसपासची शेती ज्या हातांनी केली त्या हातांना हे सगळे ठाऊक होते.

आज सर्वांत वेगाने नाहीसे होत आहे ते हे दुसरे घर. कपाशीत मजुरी परवडत नाही म्हणून तणनाशके आली, आणि तणनाशक सहन करणारे कपाशीचे बियाणे परवानगी नसतानाही शेतांत पोचले. फवारा मारला की निंदणी टळते. निंदणी टळली की भाजी वेचण्याची वेळच उरत नाही, आणि बांधावर जे उरते ते खाण्याच्या लायकीचे नसते. मजूर मिळत नसलेल्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याचे गणित खरे आहे. पण त्या गणितात शेतमजूर बाईच्या घरची फुकटची भाजी कधीच मांडली जात नाही, आणि ती गेली की तिला ती पैसे देऊन आणावी लागते.

डोंगरात प्रश्न हक्काचा आहे. यावल अभयारण्य 1969 मध्ये झाले, अनेर धरणाचे अभयारण्य 1986 मध्ये. जंगल राखणे गरजेचेच होते; पण वास्ते काढणारी किंवा मोह वेचणारी बाई कित्येक वर्षे कायद्याच्या नजरेत संशयितच राहिली. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला आणि बांबूलाही गौण वनोपजात घेतले. 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलांवरची बंधने सैल केली. हक्क कागदावर आला, आता त्याच्याबरोबरची राखण गावांनी आपल्याकडे घ्यायला हवी. कारण मागणी वाढली की ओरबाडणेही वाढते. करटुल्याची वेल जमिनीतल्या कंदातून दरवर्षी फुटते, आणि तिच्यात नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी असते. फळ नाही म्हणून नर वेल उपटली तर पुढे मादी वेलीलाही फळ धरत नाही. बांबूच्या बेटातले सगळे वास्ते कापले तर त्या बेटाची पुढची पिढीच कापली जाते. मोहाखालचा पालापाचोळा जाळून जागा मोकळी केली की फुले वेचायला सोपी जातात, पण मोहाची नवी रोपे त्याच आगीत जळतात. जुन्या जाणत्या बायका बेटात काही कोंब ठेवून येतात. ही राखून ठेवण्याची रीत मला पाककृतीइतकीच मोलाची वाटते, म्हणून पुस्तकात ती पाककृतीच्या सोबतीने आली आहे.

पुस्तकाची मांडणी अकारविल्हे नाही, कुळांप्रमाणेही नाही. ती पंचांगाप्रमाणे आहे: मोह पडू लागल्यापासून सुरू होऊन पोळ्यापर्यंत आणि पुढे रब्बीच्या शेतातल्या भाज्यांपर्यंत. प्रत्येक भाजीपाशी तेच प्रश्न विचारले आहेत. कधीपासून कधीपर्यंत खुडायची, कोणता भाग घ्यायचा, काय सोडून द्यायचे, आणि ताटात येईपर्यंत तिच्यावर काय काय करायचे. तरोट्याचे उदाहरण घ्या. पहिल्या पावसानंतर उगवलेला, चार-सहा पानांचा तरोटा चवदार. फुलावर आला की तो उग्र होतो. वास्ते सोलून, चिरून, पाण्यात ठेवून, पाणी बदलून उकळल्याशिवाय खायचे नसतात, कारण कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारे द्रव्य असते. अशी माहिती शक्य तिथे सांगणाऱ्या बाईच्याच बोलीत ठेवली आहे: अहिराणीत, पावरीत, भिलीत, कोकणीत. प्रमाण मराठीत आणताना त्यातल्या मापांचा आणि वेळेचा नेमकेपणा हरवतो, असे काम करताना वारंवार दिसले.

काही गोष्टी जाणूनबुजून वगळल्या आहेत. कोणत्याही भाजीने अमुक रोग बरा होतो असा दावा इथे नाही. दुर्मीळ कंद नेमके कोणत्या डोंगरात आहेत हे सांगितलेले नाही. तोडायला सोपे व्हावे म्हणून नुसत्या छायाचित्रांचे पुस्तकही केलेले नाही, कारण छायाचित्रावरून ओळखलेली वनस्पती हा या विषयातला सर्वांत मोठा धोका आहे. कळलावीचा कंद जमिनीत खाण्याच्या कंदासारखा दिसू शकतो आणि तो जीवघेणा आहे. धोतऱ्याची कोवळी पाने पालेभाजीच्या जुडीत सहज मिसळतात. मोबाइलमधले ॲप नाव सुचवते. ते चुकले तर विषबाधा आपल्याला होते, त्याला नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुस्तक हातात घेऊन एकट्याने रानात जाऊ नका. आपल्या घरात, गल्लीत, शेतावर कामाला येणाऱ्यांमध्ये ज्या बायकांनी या भाज्या वेचल्या आहेत त्यांना पुस्तकातले पान दाखवा आणि त्या काय करतात ते विचारा. त्यांचे सांगणे पुस्तकाशी जुळले नाही तर त्यांचे ऐका, आणि ते आम्हाला कळवा. पुढच्या आवृत्तीत आम्ही ते त्यांच्या गावाच्या नावाने घालू. बाजारात वाटे लावून बसलेल्या बाईकडून करटुली किंवा तरोटा घेताना घासाघीस करू नका. आणि ज्यांची स्वतःची शेती आहे त्यांनी बांधाची एक कड तरी फवाऱ्यापासून मोकळी ठेवावी.